लहान मुलांमधील जंत आणि कुपोषण : मोजमापापासून वजनवाढीपर्यंत

मूल खाते, पण अंगी काही लागत नाही, ही तक्रार ऐकली की पहिला संशय जंतांवर जातो, आणि जंतांचे औषध एकदा पाजले की विषय संपला असे पुष्कळ घरांत मानले जाते. तो संशय अनाठायी नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार मातीतून पसरणाऱ्या जंतांची लागण जगभरात सुमारे १५० कोटी लोकांना आहे. २०२२ साली पाच वर्षांखालील सुमारे १४.८ कोटी मुले वयाच्या मानाने खुजी, तर सुमारे ४.५ कोटी मुले उंचीच्या मानाने कृश होती, आणि हे दोन्ही प्रश्न बहुधा एकाच वस्तीत, एकाच घरात, कित्येकदा एकाच मुलात एकत्र आढळतात. तरीही सर्व मुलांना सरसकट जंतांचे औषध देऊन पाहणाऱ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा केवळ औषधाने मुलांचे सरासरी वजन फारसे वाढलेले दिसले नाही. ज्याच्या पोटात खरोखर जंत आहेत त्या मुलाला औषध मिळालेच पाहिजे, यात शंका नाही. परंतु वजन वाढते ते अन्नाने, आणि औषध त्या वाटेतील एक अडसर दूर करते. म्हणून या लेखात सुरुवात मोजमापापासून केली आहे, औषध त्यानंतर येते, आणि सर्वाधिक जागा आहाराला व पुन्हा होणाऱ्या लागणीला दिली आहे.

पोटात नेमके काय घडते

सगळे परजीवी सारखे नसतात, आणि त्यांच्यातील फरक माहीत असल्याशिवाय पुढचे उपाय नीट समजत नाहीत.

सर्वांत परिचित तो गोल जंत, म्हणजे अ‍ॅस्कॅरिस. त्याची मादी २० ते ३५ सेंटीमीटर लांब असते आणि दिवसाला सुमारे दोन लाख अंडी घालते. ही अंडी विष्ठेतून मातीत पडतात, तेथे साधारण दोन ते चार आठवड्यांत लागणक्षम होतात आणि मातीने भरलेल्या हातांवाटे, न धुतलेल्या भाजीवाटे किंवा पाण्यावाटे तोंडात जातात. अळ्या आतड्यातून रक्तात, रक्तातून फुप्फुसांत आणि तेथून श्वासनलिकेतून वर येऊन पुन्हा पोटात उतरतात. म्हणूनच काही मुलांना या काळात कोरडा खोकला होतो. लहान आतड्यात स्थिरावलेला जंत मुलाच्या अन्नात वाटेकरी होतोच, शिवाय स्निग्ध पदार्थ आणि अ जीवनसत्त्व यांच्या शोषणातही अडथळा आणतो.

अंकुशकृमींची वाट वेगळी आहे. त्यांच्या अळ्या ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या त्वचेत शिरतात, आणि प्रौढ कृमी आतड्याच्या अस्तराला चिकटून रक्त शोषतात. अँकायलोस्टोमा जातीचा एक कृमी दिवसाला सुमारे ०.१५ ते ०.२ मिलिलिटर रक्त घालवतो. म्हणजे असे ५० कृमी रोज ७ ते १० मिलिलिटर रक्त नेतात, आणि दहा किलो वजनाच्या मुलाच्या अंगात एकूण रक्तच जेमतेम ८०० मिलिलिटर असते. अशा मुलाचे ओठ, पापणीची आतली बाजू आणि तळहात फिके पडले, ते लवकर थकू लागले, तर त्यात नवल नाही. चाबूककृमी मोठ्या आतड्यात राहतात. थोडे असले तर जाणवतही नाहीत, मात्र संख्या फार वाढली की आव-रक्तासह जुनाट जुलाब, रक्तक्षय आणि खुंटलेली वाढ असा त्रास होतो, आणि जोर करताना गुदद्वार बाहेर येण्यापर्यंत मजल जाते.

चौथा प्रकार बारीक पांढऱ्या सुतासारख्या जंतांचा. ते रात्री गुदद्वाराबाहेर येऊन अंडी घालतात, त्यामुळे प्रचंड खाज सुटते आणि मुलाची झोप मोडते; मात्र कुपोषणाशी त्यांचा संबंध कमी आहे. याउलट जिआर्डिया हा परजीवी सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाही, त्यामुळे घरात त्याची चर्चा होत नाही, पण लहान मुलांच्या वाढीच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. लहान आतड्याच्या अस्तरावरील अन्नशोषक उंचवटे तो बोथट करतो, आणि मग पोट फुगणे, दुर्गंधीयुक्त, तेलकट, पाण्यावर तरंगणारी शौच होणे, दूध न पचणे ही लक्षणे आठवडेच्या आठवडे चालू राहतात.

या सगळ्यांच्या मुळाशी एक समान गोष्ट आहे. आतड्याला सतत सूज राहिली की भूक मंदावते, खाल्लेले पुरते शोषले जात नाही, आणि वाढीसाठी लागणारी ऊर्जा प्रतिकारातच खर्च होते. उलट बाजूने, कुपोषित मुलाची प्रतिकारशक्ती आधीच क्षीण असल्यामुळे संसर्ग लवकर होतो आणि रेंगाळतो. हे दुष्टचक्र एकाच ठिकाणी तोडून भागत नाही.

पहिली पायरी : मोजमाप

मूल डोळ्यांना बारीक दिसते किंवा गुटगुटीत दिसते, यावर विसंबू नये. फुगलेले पोट आणि सुजलेले पाय पाहून मूल धष्टपुष्ट वाटते आणि गंभीर कुपोषण नजरेतून निसटते, हे वारंवार घडते.

घरी करता येण्याजोगे सर्वांत सोपे मोजमाप म्हणजे दंडाचा घेर. ते ६ महिने ते ५ वर्षे या वयासाठी आहे. मुलाचा डावा हात कोपरात काटकोनात वाकवून खांद्याचे हाडाचे टोक आणि कोपराचे टोक शोधावे, दोहोंच्या बरोबर मधोमध पेनाने बारीक खूण करावी, मग हात सैल खाली सोडून त्या खुणेवर न ताणणारी पट्टी गुंडाळावी. पट्टी त्वचेला सर्व बाजूंनी टेकली पाहिजे, परंतु त्वचेला खळगा पडता कामा नये, आणि पट्टीखाली फटही राहता कामा नये. घेर ११.५ सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास ते तीव्र गंभीर कुपोषण समजावे, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान असल्यास मध्यम कुपोषण. त्याच वेळी दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहावे. बोट उचलल्यावर दोन्ही पायांवर खळगा तसाच राहिला तर दंडाचा घेर कितीही असो, मूल गंभीर कुपोषित आहे असे धरून त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे.

वजन आणि उंची आरोग्य केंद्रात मोजून वाढीच्या तक्त्यावर नोंदवून घ्यावी. दोन वर्षांखालील मुलाची लांबी आडवे झोपवून मोजतात, त्यानंतर उंची उभे करून. एका वेळच्या आकड्यापेक्षा तक्त्यावरील रेषेची दिशा अधिक बोलकी असते: सलग दोन-तीन महिने रेषा सपाट राहिली किंवा खाली वळली, तर वजन अजून मर्यादेत असले तरीही कारण शोधायला लागावे.

दुसरी पायरी : लक्षणे आणि शौचाची तपासणी

शौचात किंवा उलटीत जंत दिसला तर शंकेला जागा उरत नाही. मात्र बहुतेक मुलांत तसे काही दिसत नाही. वारंवार पोटदुखी, मंद भूक, फिकेपणा, माती खाण्याची सवय, दोन आठवड्यांहून अधिक चाललेले जुलाब आणि न वाढणारे वजन ही लक्षणे एकत्र आली की तपासणी करावी. झोपेत दात खाणे, गालावर पांढरे चट्टे पडणे किंवा गोड खाणे यांवरून जंतांचे निदान करू नये, कारण त्यांचा जंतांशी खात्रीचा संबंध आढळलेला नाही. गोड खाल्ल्याने दात किडतात, जंत होत नाहीत. ते होतात अंडी पोटात गेल्याने.

शौचाचा नमुना स्वच्छ, कोरड्या, रुंद तोंडाच्या डबीत घ्यावा, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नये, आणि शौच पातळ असल्यास नमुना शक्य तेवढ्या लवकर, अर्ध्या-एक तासात, प्रयोगशाळेत पोहोचवावा, कारण सूक्ष्म परजीवींची हलती अवस्था फार काळ टिकत नाही. एका नमुन्यात काही सापडले नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. जिआर्डिया रोज सारख्या प्रमाणात बाहेर पडत नाही, त्यामुळे वेगवेगळ्या दिवसांचे तीन नमुने तपासणे योग्य ठरते. जेथे प्रतिजनावर, म्हणजे परजीवीच्या अंगातील ओळख पटवणाऱ्या घटकावर, आधारित चाचणी उपलब्ध असेल तेथे ती अधिक खात्रीची असते.

सुतासारख्या जंतांसाठी शौचाची तपासणी बहुधा निष्फळ ठरते. त्याऐवजी मूल सकाळी उठताच, शौचास जाण्यापूर्वी आणि धुण्यापूर्वी, पारदर्शक चिकटपट्टीची चिकट बाजू गुदद्वाराभोवतीच्या त्वचेवर हलकेच दाबावी आणि ती काचपट्टीवर चिकटवून तपासणीस द्यावी. हे सलग तीन सकाळी केले की निदान सहसा चुकत नाही. मूल झोपी गेल्यावर दोन-तीन तासांनी विजेरीच्या उजेडात पाहिल्यास हे जंत प्रत्यक्ष हलतानाही दिसू शकतात.

फिकेपणा असल्यास त्याच फेरीत हिमोग्लोबिनही तपासून घ्यावे.

तिसरी पायरी : औषध

जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे जंतांच्या नेहमीच्या औषधाची एकच मात्रा असते: अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅम किंवा मेबेंडाझोल ५०० मिलिग्रॅम. १२ ते २३ महिन्यांच्या मुलांना अल्बेंडाझोल अर्धे, म्हणजे २०० मिलिग्रॅम, दिले जाते. एक वर्षाखालील बाळाला हे औषध स्वतःहून कधीही देऊ नये. ज्या भागात २० टक्के किंवा अधिक मुलांना लागण आहे तेथे वर्षातून एकदा, आणि ५० टक्क्यांहून अधिक असेल तेथे दोनदा, तपासणीशिवाय सर्व मुलांना औषध देण्याची शिफारस आहे. अशा मोहिमेतील मात्रा मुलाला मिळाली असेल तर ती तारीख वाढीच्या तक्त्यावर लिहून ठेवावी, म्हणजे आठवड्याभरात घरी पुन्हा तेच औषध दिले जाणार नाही.

औषध कसे पाजावे याकडे फारसे लक्ष दिले जात नाही, आणि ही हयगय प्रसंगी जिवावर बेतते. तीन वर्षांखालील मुलाला अख्खी गोळी देऊ नये. दोन चमच्यांमध्ये ती पूर्ण भुगा होईपर्यंत चुरडावी, थोड्या पाण्यात कालवावी आणि मूल शांत, ताठ बसलेले असताना चमच्याने हळूहळू पाजावे. मूल रडत असेल, हातपाय झाडत असेल, तर थांबावे. नाक दाबून किंवा डोके मागे धरून औषध ओतल्यास ते श्वासनलिकेत जाऊन मूल गुदमरू शकते. दुसऱ्या दिवशी दिले म्हणून काहीही बिघडत नाही. ताप किंवा इतर आजार चालू असेल तर औषध पुढे ढकलावे, आणि मुलाला पूर्वी कधी झटके आले असतील तर औषधापूर्वी डॉक्टरांना अवश्य सांगावे. औषधाआधी उपाशी ठेवणे किंवा नंतर जुलाबाचे औषध देणे या दोन्ही गोष्टी अनावश्यक आहेत, आणि कुपोषित मुलाच्या बाबतीत त्या घातक आहेत.

औषधानंतर किंचित पोटदुखी, मळमळ किंवा एखादी उलटी होऊ शकते आणि ती बहुधा दिवसभरात थांबते. गोल जंत या एका मात्रेने जवळपास सर्व मुलांत नष्ट होतात. अंकुशकृमींवर अल्बेंडाझोल मेबेंडाझोलपेक्षा बरेच अधिक प्रभावी आहे. चाबूककृमी मात्र एका मात्रेला सहसा दाद देत नाहीत, आणि तेथे डॉक्टर सलग तीन दिवसांचा उपचार सुचवतात. सुतासारख्या जंतांसाठी घरातील सर्वांनी एकाच दिवशी औषध घेऊन दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा घ्यावी, कारण पहिल्या मात्रेने अंडी मरत नाहीत. जिआर्डियासाठी औषध निराळे असते, आणि त्याची निवड व मात्रा मुलाच्या वजनानुसार डॉक्टरांनीच ठरवावी. जंतांची एक गोळी देऊन जुलाब थांबले नाहीत म्हणून तीच पुन्हा पुन्हा देत राहणे हा वेळेचा अपव्यय आहे. तो वेळ मुलाच्या वाढीतून जातो.

पोट टणक फुगले आहे, हिरवी उलटी होत आहे, शौच व वायू सरणे बंद झाले आहे, अशी लक्षणे एकत्र दिसल्यास जंतांच्या गुंत्याने आतडे तुंबले असण्याची शक्यता असते. अशा वेळी घरी जंतांचे औषध मुळीच देऊ नये आणि मुलाला थेट शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

चौथी पायरी : आहार

जंत पडल्यानंतरचे काही आठवडे मोलाचे असतात. भूक परत येते, शोषण सुधारते, आणि या काळात ताटात पुरेसे अन्न असेल तरच मागे पडलेली वाढ भरून निघते. माझ्या मते पालकांचे सर्वाधिक कष्ट याच ठिकाणी खर्ची पडले पाहिजेत.

प्रथम गंभीर कुपोषणाविषयी. ज्या मुलाच्या दंडाचा घेर ११.५ सेंटीमीटरहून कमी आहे किंवा ज्याच्या दोन्ही पायांवर सूज आहे, त्याला घरी भरपेट खाऊ घालण्याचा प्रयत्न करू नये, कारण उपासमारीला सरावलेल्या शरीरावर एकाएकी अन्नाचा भार पडला तर रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून हृदय बंद पडू शकते. भूक चांगली असलेल्या आणि इतर गुंतागुंत नसलेल्या मुलाला आरोग्य केंद्राच्या देखरेखीखाली तयार उपचारात्मक आहार देऊन घरीच बरे करता येते. भूक गेलेल्या, सुजलेल्या, मलूल मुलाला मात्र दाखल करावेच लागते. अशा मुलाला पहिल्या आठवड्यात लोहही देत नाहीत, वजन वाढू लागल्यावर ते सुरू करतात. फिकेपणा पाहून आधीच घरी लोहाचे औषध सुरू करण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

इतर मुलांसाठी नियम सोपे आहेत, परंतु ते रोज पाळावे लागतात. स्तनपान दोन वर्षांपर्यंत आणि त्यापुढेही चालू ठेवावे. जंतांमुळे किंवा जुलाबांमुळे ते थांबवू नये. ६ ते ८ महिन्यांच्या बाळाला दिवसातून दोन-तीन वेळा, आणि ९ ते २३ महिन्यांच्या मुलाला तीन-चार वेळा जेवण व त्याशिवाय एक-दोन वेळा मधले खाणे द्यावे. आजारातून उठलेल्या मुलाला किमान दोन आठवडे रोज एक जेवण जास्तीचे द्यावे.

किती वेळा, याइतकेच किती दाट, हेही महत्त्वाचे आहे. लहान मुलाच्या जठरात एका वेळी त्याच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण ३० ग्रॅमच अन्न मावते, म्हणजे दहा किलोच्या मुलाला ३०० ग्रॅमच्या वर एका बैठकीत खाता येत नाही. ती सगळी जागा पाणीदार लापशीने भरली तर पोट भरते, पण ऊर्जा मिळत नाही. चमचा तिरपा केल्यावर अन्न घसरून न पडता चमच्यावरच राहील, इतके ते दाट असावे. त्यात एक छोटा चमचा तेल किंवा तूप घातले की सुमारे ४० किलोकॅलरी वाढतात आणि आकारमान तेवढेच राहते. दर जेवणात धान्याबरोबर डाळ किंवा कडधान्य, अंडे, मासे, मांस, दूध यांपैकी काहीतरी प्रथिनयुक्त आणि एखादी हिरवी किंवा पिवळी-केशरी भाजी असावी. लोहयुक्त अन्नासोबत आंबट फळ दिल्यास लोहाचे शोषण वाढते. जेवणाबरोबर चहा दिल्यास ते घटते. मुलाचे ताट वेगळे असावे, म्हणजे त्याने खरोखर किती खाल्ले ते दिसते, आणि भरवणाऱ्याने घाई न करता, बोलत, पुन्हा पुन्हा घास पुढे करत भरवावे. धाकाने भरवलेले मूल जेवणालाच घाबरू लागते.

जुलाब चालू असतील तर क्षारसंजीवनीबरोबर (ओआरएस) जस्ताचे (झिंक) औषध १० ते १४ दिवस द्यावे. सहा महिन्यांवरील मुलाची मात्रा रोज २० मिलिग्रॅम आहे. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी कोर्स पूर्ण करावा.

पाचवी पायरी : पुन्हा लागण होऊ न देणे

परिसरातील माती दूषित असेल तर औषधानंतर सहा महिन्यांत पुष्कळ मुले पुन्हा बाधित होतात, आणि वर्षभरात गोल जंतांचे प्रमाण जवळजवळ पूर्ववत होते. अंड्यांची चिवटाई विलक्षण आहे: गोल जंताची अंडी ओलसर सावलीच्या मातीत काही वर्षे जिवंत राहू शकतात आणि क्लोरीनलाही दाद देत नाहीत. म्हणून पिण्याचे पाणी खळखळून उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळावे, समुद्रसपाटीपासून २,००० मीटरहून उंच ठिकाणी तीन मिनिटे.

हात साबणाने २० सेकंद धुणे, नखे बारीक ठेवणे, बाहेर पायात पादत्राण घालणे, कच्च्या भाज्या वाहत्या पाण्यात चोळून धुणे हे सर्वांना ठाऊक असते. ज्याकडे दुर्लक्ष होते ते म्हणजे बाळाची शी. ती निरुपद्रवी समजून अंगणात टाकली जाते किंवा उघड्या नाल्यात धुतली जाते, वास्तविक तीत मोठ्यांच्या विष्ठेइतकीच अंडी असू शकतात. ती शौचालयातच टाकावी आणि नंतर बाळाचे व स्वतःचे हात धुवावेत. मानवी मैला पुरता कुजवल्याशिवाय खत म्हणून वापरू नये. सुतासारख्या जंतांच्या बाबतीत मातीचा संबंध येत नाही, कारण त्यांची अंडी चार ते सहा तासांतच लागणक्षम होतात आणि अंथरुणावर दोन-तीन आठवडे तग धरतात. तेथे औषधाच्या दिवशी चादरी व आतले कपडे गरम पाण्यात धुणे आणि पुढचे दोन आठवडे मुलाला रोज सकाळी आंघोळ घालणे हाच उपाय.

येथेही अपेक्षा वाजवी असाव्यात. बांगलादेश आणि केनिया येथे हजारो कुटुंबांत झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत केवळ स्वच्छ पाणी, शौचालय व हात धुणे यांनी मुलांची उंची वाढली नाही. आहारसल्ला आणि पूरक आहार दिलेल्या गटांत मात्र थोडी वाढ दिसली. स्वच्छतेने बांगलादेशात जिआर्डियाची लागण कमी झाली, ही जमेची बाजू मोठीच आहे, पण ताटातील अन्नाची जागा ती घेऊ शकत नाही.

सहावी पायरी : पाठपुरावा

औषधानंतर वजन दर दोन आठवड्यांनी, आणि मूल स्थिरावल्यावर दर महिन्याला, शक्यतो त्याच काट्यावर, कमीत कमी कपड्यांत घ्यावे. दुसऱ्या वर्षात निरोगी मूल महिन्याला साधारण २०० ग्रॅमने वाढते. मागे पडलेले मूल नीट खाऊ लागले की काही काळ त्याहून वेगाने वाढते. उंचीत फरक दिसायला तीन ते सहा महिने लागतात, तेव्हा तिच्यासाठी महिन्याभरात निराश होऊ नये. रक्तक्षयासाठी लोह सुरू केले असल्यास महिन्याभराने हिमोग्लोबिन पुन्हा तपासावे, आणि आकडा सुधारला तरी शरीरातील साठा भरण्यासाठी डॉक्टर सांगतील तितके महिने औषध चालू ठेवावे.

औषध दिले, शौचाची तपासणी पुन्हा केली असता ती निर्दोष आली, आहार महिनाभर खरोखर वाढवला, आणि तरीही रेषा वर वळत नसेल, तर जंतांचा पिच्छा सोडून इतर कारणांकडे वळावे. क्षयरोग, मूत्रमार्गाचा जुनाट संसर्ग, एचआयव्ही, गव्हातील प्रथिनामुळे आतड्याला होणारा सीलिअ‍ॅक विकार, जन्मजात हृदयदोष ही त्यांतील प्रमुख कारणे असून, बालरोगतज्ज्ञांकडे जाताना वाढीचा तक्ता, दिलेल्या औषधांच्या तारखा आणि मुलाने गेल्या तीन दिवसांत काय व किती खाल्ले याची लेखी नोंद सोबत न्यावी.